मॉडर्न फिजिक्स घेऊ की सोडू?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. पुढच्या सत्रात मॉडर्न फिजिक्सचा पेपर ऐच्छिक आहे, तो नको असेल तर प्रोग्रॅमिंगचा घेता येतो. शाळेत असल्यापासून मी सापेक्षता आणि क्वांटमवरचे व्हिडिओ बघत आले, त्याच ओढीने या शाखेत आले. पण वरच्या वर्गातली मुलं सांगतात की या पेपरात नुसती डेरिव्हेशन आहेत आणि गुण मिळत नाहीत. माझं मेकॅनिक्स बरं आहे, वेव्हज आणि डिफरन्शियल इक्वेशनमध्ये मात्र कशीबशी पास झाले. पुस्तक आणून दोन प्रकरणं वाचून पाहिली. सापेक्षतेत गॅमा या गुणकाने कुठे गुणायचं आणि कुठे भागायचं तेच कळेना. पुढे साय नावाचं काहीतरी येतं, ते नेमकं काय आहे हे कुठेच सरळ लिहिलेलं नाही. क्वांटम कुणालाच कळत नाही असं म्हणतात, मग मला कसं कळणार? पेपर घेऊ का? आणि घेतला तर सुट्टीत काय तयारी करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर: पेपर घे. इतकं थेट उत्तर मी सहसा देत नाही, पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यामुळे देते आहे. गॅमाने गुणायचं की भागायचं हा प्रश्न व्हिडिओ बघणाऱ्याला पडत नाही. वही-पेन्सिल घेऊन पुस्तकासमोर बसलेल्यालाच तो पडतो. पेपर अजून घेतलासुद्धा नाहीस आणि अडायला लागलीस ती अगदी योग्य जागी अडलीस.

व्हिडिओंमुळे लागलेली ओढ खरी आहे, ती जप. फक्त एक गोष्ट आधी माहीत असू दे, म्हणजे पहिल्या महिन्यात हिरमोड होणार नाही. व्हिडिओत निष्कर्ष आधी येतो: वेळ मंदावतो, कण एकाच वेळी दोन वाटांनी जातो. वर्गात क्रम उलटा असतो. तिथे आधी एक प्रयोग येतो. जुन्या सिद्धांताप्रमाणे अमुक आकडा यायला हवा होता, मोजल्यावर आला भलताच, आणि तो आकडा काही केल्या बदलेना म्हणून सिद्धांत बदलावा लागला. हा सगळा पेपर अशा हट्टी आकड्यांचा आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना तो नुसत्या डेरिव्हेशनचा वाटतो, कारण डेरिव्हेशन कुठल्या आकड्यापाशी जाऊन थांबतं हे त्यांनी बघितलेलं नसतं. तू प्रत्येक वेळी शेवटपर्यंत जा, सूत्रात किमती घाल आणि उत्तर एककासकट लिही. माझा मुख्य सल्ला एवढाच. बाकीचं पत्र तो कसा पाळायचा याबद्दल आहे.

फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट घे, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन सुटणं. पुस्तकात तो दोन पानांत उरकतो, मुलं समीकरण पाठ करतात आणि पुढे सरकतात. मला विचारशील तर या पेपरात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. लेनार्डने १९०२ साली पाहिलं की धातूवर पडणारा प्रकाश प्रखर केला तर सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची संख्या वाढते, पण त्यांची कमाल ऊर्जा होती तेवढीच राहते. प्रकाश ही निव्वळ लाट असेल तर हे पटण्यासारखं नाही, कारण मोठ्या लाटेचा धक्काही मोठा असायला हवा. १९०५ साली आइनस्टाइनने सुचवलं की प्रकाशाची ऊर्जा पुंजांत मिळते. एका पुंजाची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते, त्यातली काही धातूतून सुटण्यात खर्च होते (हेच वर्क फंक्शन) आणि उरलेली इलेक्ट्रॉनला मिळते.

आता आकडे घाल. सोडियमचं वर्क फंक्शन साधारण २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या मापाचं ऊर्जेचं एकक) आहे. ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे एका पुंजाची, ऊर्जा १.७७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्रयोगशाळेतला लाल दिवा कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही, कारण एकेका फोटॉनची ऊर्जाच अपुरी पडते. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा ३.१. तो दिवा अगदी मिणमिणता असला तरी इलेक्ट्रॉन लगेच सुटू लागतात आणि त्यांच्याकडे जास्तीत जास्त ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उरतात. या चार ओळींचा हिशेब स्वतःच्या हाताने केलास की समीकरण वेगळं पाठ करावं लागत नाही.

प्रॅक्टिकलला हा प्रयोग मर्क्युरी लॅम्पवर करायला मिळाला तर ४०५ नॅनोमीटरची जांभळी रेषा आणि ५४६ ची हिरवी रेषा, दोन्हींचं स्टॉपिंग पोटेन्शियल (सुटलेले इलेक्ट्रॉन थोपवायला लागणारं उलटं व्होल्टेज) नीट मोज. दोन वाचनांतला फरक ०.७९ व्होल्टच्या आसपास यायला हवा. त्या दोन रंगांच्या वारंवारतांतला फरक आहे १.९१ गुणिले १० चा १४ वा घात हर्ट्झ. भागाकार केलास की ४.१ गुणिले १० चा उणे १५ वा घात मिळतो. प्लँकच्या स्थिरांकाला इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने भागलं की जे येतं तेच हे. टेबलावरचा एक दिवा आणि एक व्होल्टमीटर यांच्या जोरावर विश्वाचा एक स्थिरांक तुझ्या वहीत उतरतो, आणि मला या प्रयोगाचं अप्रूप आजही वाटतं. एक बारकावा लक्षात ठेव. ग्राफच्या रेषेचा चढ भरवशाचा असतो, पण रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा प्रकाश पडलेल्या धातूचं वर्क फंक्शन म्हणून लिहू नकोस. समोरच्या इलेक्ट्रोडच्या धातूचा परिणाम त्यात मिसळलेला असतो. तोंडी परीक्षेत हे सांगणारा विद्यार्थी क्वचित भेटतो.

क्वांटम कुणालाच कळत नाही मग मला कसं कळणार, या तुझ्या शंकेसाठी याच प्रयोगातली मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञाची हकिकत सांगते. त्याने हे मोजमाप वर्षानुवर्षं, फार काटेकोरपणे केलं आणि १९१६ पर्यंत दाखवून दिलं की आइनस्टाइनचं समीकरण बरोबर बसतं. पण प्रकाश पुंजांनी बनलेला आहे ही कल्पना तेव्हाही त्याला पटलेली नव्हती. म्हणजे कल्पना गळी उतरलेली नसताना माणूस मोजमाप चोख करू शकतो, हिशेब चोख करू शकतो. तुलाही तेवढी मुभा आहे.

आता गॅमाकडे वळू, म्हणजे वेगामुळे वेळ आणि अंतर किती पटींनी बदलतात ते सांगणाऱ्या गुणकाकडे. या प्रकरणात जवळजवळ प्रत्येकाचा गोंधळ एकाच कारणाने होतो: प्रश्न वाचल्या वाचल्या मुलं सूत्र शोधू लागतात. सूत्राआधी दोन घटना लिहायच्या. घटना म्हणजे एक जागा आणि एक क्षण. पुस्तकात म्युऑनचं उदाहरण असेलच. हे कण वातावरणात उंचावर तयार होतात आणि स्थिर असताना सरासरी २.२ मायक्रोसेकंदच टिकतात. धर की एक म्युऑन १० किलोमीटर उंचीवर जन्मला आणि प्रकाशाच्या ०.९९८ पट वेगाने सरळ खाली निघाला. पहिली घटना, म्युऑन तयार झाला. दुसरी घटना, तो जमिनीवर पोचला. आता स्वतःला एकच प्रश्न विचार: या दोन्ही घटना कुणाच्या दृष्टीने एकाच जागी घडल्या? म्युऑनच्या, कारण दोन्ही वेळी तो स्वतः तिथेच होता. ज्याच्या दृष्टीने दोन्ही घटना एकाच जागी घडतात त्याच्या घड्याळात सगळ्यात कमी वेळ जातो, त्याला प्रॉपर टाइम म्हणतात. आपल्या घड्याळात या प्रवासाला ३३.४ मायक्रोसेकंद लागतात आणि या वेगाला गॅमा येतो १५.८. म्युऑनचा वेळ कमी असायला हवा, म्हणून भागायचं. उत्तर २.१ मायक्रोसेकंद.

इथे थांबू नकोस, कारण खरी गंमत पुढच्या ओळीत आहे. सापेक्षता नसती तर ३३.४ मायक्रोसेकंद म्हणजे १५ सरासरी आयुष्यं झाली असती, आणि १० लाखांतला एक म्युऑनसुद्धा जमिनीपर्यंत टिकणं अवघड होतं. सापेक्षतेच्या हिशेबाने एका आयुष्यापेक्षाही थोडा कमी वेळ जातो आणि १० लाखांतले सुमारे ३ लाख ८० हजार खाली पोचतात. या दोन उत्तरांत लाखो पटींचा फरक आहे, आणि म्युऑन मोजणारे डिटेक्टर दुसऱ्या उत्तराच्या बाजूने कौल देतात. मग तोच प्रश्न म्युऑनच्या बाजूने सोडव. त्याचं आयुष्य त्याच्या दृष्टीने २.२ मायक्रोसेकंदच आहे, पण १० किलोमीटरचं अंतर त्याला ६३२ मीटर दिसतं, आणि तेवढं तो आपल्या आयुष्यात पार करू शकतो. दोन्ही बाजूंनी पोचणाऱ्यांची संख्या तीच आली पाहिजे. ती तशी आली की गॅमा नीट वापरलास याची खात्री तुझी तुलाच होते, मागचं उत्तर उघडून बघावं लागत नाही.

सापेक्षतेतले बाकीचे विरोधाभास, म्हणजे लांब शिडी आणि आखूड कोठार वगैरे, बहुतेक एकाच ठिकाणाहून येतात: एकाच वेळी घडलेल्या दोन घटना दुसऱ्याच्या दृष्टीने एकाच वेळी घडलेल्या नसतात. तिथेही घटना लिहून काढ, कोडं आपोआप सैल होतं.

बोरच्या अणूबद्दल थोडं सावध करते. १९१३ सालच्या या प्रतिकृतीतून हायड्रोजनच्या रेषा सुरेख मिळतात. तिसऱ्या कक्षेतून दुसऱ्या कक्षेत येताना १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सुटतात, म्हणजे ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा, आणि स्पेक्ट्रोमीटरमध्ये ती तिथेच दिसते. एवढं जमल्यावर मुलं त्या गोल कक्षांच्या प्रेमात पडतात. काही आठवड्यांनी श्रोडिंगरचं समीकरण येतं आणि कळतं की कक्षा नाहीतच. सर्वात खालच्या पातळीत बोरच्या मते इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग एक एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय) असतो, प्रत्यक्षात तो शून्य असतो. हेलियमपाशी तर बोरचा हिशेब साफ कोलमडतो. मग शिकवतात तरी कशाला, असं तुला वाटेल. ऊर्जेच्या पातळ्या ठराविकच असतात ही कल्पना पहिल्यांदा तिथे हाती लागते, आणि फ्रँक आणि हर्ट्झ यांच्या १९१४ च्या प्रयोगात पाऱ्याच्या वाफेने दर ४.९ व्होल्टला इलेक्ट्रॉनची ऊर्जा गिळलेली दिसते तेव्हा त्या पातळ्या प्रत्यक्ष भेटतात. बोरची प्रतिकृती शीक, वापर, आणि ती कुठे चुकते ते वहीच्या त्याच पानावर लिहून ठेव.

आता साय, म्हणजे वेव्ह फंक्शन, कणाचं वर्णन करणारं गणिती फलन. तुझ्या या प्रश्नात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. सायचं करायचं काय, हा पहिला. त्याचं उत्तर मॅक्स बॉर्नने १९२६ सालीच दिलं: सायच्या परिमाणाचा वर्ग घेतला की कण कुठे सापडण्याची शक्यता किती ते मिळतं. यात धूसर काही नाही, आणि या नियमाने काढलेली भाकितं प्रयोगांत उतरत आली आहेत. साय जगात खरोखर असते की तो आपल्या माहितीचा हिशेब आहे, हा दुसरा प्रश्न. त्यावर भौतिकशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. क्वांटम कुणालाच कळत नाही हे वाक्य या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे, आणि ते पहिल्या प्रश्नाला चिकटवल्यामुळे किती हुशार मुलं सुरुवातीलाच हात टेकतात हे मी वर्गात बघते, त्याचं मला फार वाईट वाटतं. ट्रान्झिस्टर आणि लेझर ज्या शास्त्राच्या आधाराने बनवतात ते कुणालाच कळत नाही, असं कसं म्हणायचं? पदवीच्या पेपरात तुला पहिल्या प्रश्नापुरतं उत्तर लागतं. दुसऱ्यावर जरूर विचार कर, मैत्रिणींशी वाद घाल, पण गणित अडलं की ते सायच्या गूढपणामुळे अडलं असं समजू नकोस. बहुतेक वेळा ते सीमेवरची अट लिहायची राहिल्यामुळे अडलेलं असतं.

सायशी ओळख व्हायला बंद पेटीतल्या कणासारखं दुसरं गणित नाही. एक नॅनोमीटर लांबीच्या पेटीत इलेक्ट्रॉन कोंडला तर त्याची सर्वात कमी ऊर्जा ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. पेटी अर्धी कर, ऊर्जा चौपट होते. पेटी ०.१ नॅनोमीटरची, म्हणजे अणूएवढी कर, ऊर्जा ३८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर जाते. अणूंच्या ऊर्जा काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ते काही दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशा का असतात, याचा अंदाज एवढ्या साध्या गणितातून येतो. २०२३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्सच्या, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या कणांच्या, शोधासाठी दिलं गेलं. त्या कणांचा रंग आकारावरून ठरतो, लहान कण निळ्याकडे झुकतात आणि मोठे लालकडे. पेटी लहान झाली की ऊर्जा वाढते, हेच तिथे डोळ्यांना दिसतं.

सुट्टीतल्या तयारीचं सांगते. डिफरन्शियल इक्वेशनचं अख्खं पुस्तक पुन्हा काढायची गरज नाही. दुसऱ्या क्रमाचं, स्थिर सहगुणकांचं एक समीकरण नीट सोडवता आलं पाहिजे, म्हणजे साइन-कोसाइन कधी येतात आणि एक्स्पोनेन्शियल कधी येतं हे ओळखता यायला हवं. संमिश्र संख्यांतलं ऑयलरचं सूत्र हातात बसलेलं हवं, आणि वेग कमी असताना गॅमाचा अंदाज काढायला बायनॉमियल विस्ताराच्या पहिल्या दोन पदांची सवय. खरा वेळ वेव्हजला दे. त्या पेपरात कशीबशी पास झालीस याची मला डिफरन्शियल इक्वेशनपेक्षा जास्त काळजी वाटते. दोन्ही टोकांना बांधलेली तार फक्त ठराविक सुरांतच का कंप पावते हे तुला चित्रासकट, समीकरणासकट समजावून सांगता आलं पाहिजे, कारण बंद पेटीतला इलेक्ट्रॉन म्हणजे गणिताच्या दृष्टीने तीच तार आहे. लाटांची बेरीज, व्यतिकरण, तरंगलांबी आणि संवेग यांचं नातं, सगळं तिथूनच पुढे जातं. डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ साली ५४ व्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावर सोडले आणि ५० अंशांवर ठळक शिखर मिळवलं. कणाच्या संवेगावरून तरंगलांबी देणाऱ्या द ब्रॉयच्या सूत्राने त्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.१६७ नॅनोमीटर येते. व्यतिकरण पक्कं असेल तर हा प्रयोग एका बैठकीत समजतो, नसेल तर ती नुसती पाठ करायची नावं होतात.

काही आकडे मात्र तोंडपाठ कर. एच (प्लँकचा स्थिरांक) आणि सी (प्रकाशाचा वेग) यांचा गुणाकार १२४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट नॅनोमीटर. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा साधारण चाळिसावा भाग. १० च्या उणे चौतिसाव्या घाताशी झटापट करण्यात मुलांचे निम्मे गुण जातात, या आकड्यांनी ती झटापटच टळते. वर फोटॉनच्या ज्या ऊर्जा मी लिहिल्या त्या सगळ्या १२४० ला तरंगलांबीने भागून काढलेल्या आहेत, करून बघ.

प्रोग्रॅमिंगचा पेपर वाईट नाही, आणि तुला पुढे ते लागणारच आहे. पण ते पेपराबाहेरही शिकता येतं. मॉडर्न फिजिक्स एकटीने शिकताना कुणीतरी हिशेब तपासणारं हवं असतं आणि प्रयोगांची उपकरणं घरी नसतात. शिवाय पुढे सॉलिड स्टेट, न्यूक्लिअर, लेझर यांतलं काहीही घ्यायचं ठरवलंस तर हा पाया लागतोच. पेटीतला कण जमला की तोच प्रश्न तिरक्या तळाच्या पेटीसाठी संगणकावर सोडवून बघ, प्रोग्रॅमिंगची सुरुवातही होईल.

गुणांबद्दल एवढंच: सोडवलेली उदाहरणं वाचून गुण मिळत नाहीत. उदाहरण झाकून ठेवून ते कोऱ्या कागदावर स्वतः सोडवावं लागतं. अडलीस तर त्याच आठवड्यात शिक्षकांना भेट, पण रिकाम्या हाताने जाऊन समजलं नाही असं सांगू नकोस. आपला कागद घेऊन जा आणि या ओळीपर्यंत आले, पुढची ओळ कशी आली ते कळत नाही, असं विचार. दोन घटना लिहिलेल्या असतील, एककं लिहिलेली असतील, तर तुझी चूक त्यांना लगेच सापडेल. फॉर्म भरायच्या आधी वरचं म्युऑनचं गणित एकदा ०.९९५ पट वेग घेऊन स्वतः कर. गॅमा १० च्या आसपास यायला हवा.